काळा गॉगल पुरत नाही : वेल्डिंग करणाऱ्या आपल्या पोरांचा प्रश्न

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत रात्री वेल्डिंग मशीन चालू होतात. कमानीचा सांगाडा, स्टेज, ट्रकवरचा देखावा, सगळं लोखंड जोडायचं असतं आणि वेळ कमी असतो. जोडणारा बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतला पोरगा. पायात स्लीपर, अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, डोळ्यांवर रस्त्यावर घेतलेला गॉगल, कित्येकदा तोही नाही. मान वळवून, डोळे मिटून टाका मारतो. भोवती लहान मुलं ठिणग्या बघत उभी. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत तो दिसत नाही, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून अंधारात पडलेला असतो. आपण म्हणतो, ‘वेल्डिंग लागलं त्याला, उद्या होईल बरं.’

वेल्डरची सुरक्षितता हा चळवळीचा प्रश्न आहे आणि चळवळीने तो हातात घेतलेला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा लढाई कामात प्रवेश मिळवण्याची होती. आज आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला आपली मुलं आहेत, भोसरी, वाळूज, बुटीबोरीच्या शेडमध्ये आपली मुलं आहेत. दार उघडलं, पण आत गेलेल्या शरीराचं काय होतं हे बघायला कुणी गेलं नाही. गटारात उतरून मेलेल्या माणसासाठी आपण रस्त्यावर येतो, आलंच पाहिजे. पण रोज थोडं थोडं जाणारं फुप्फुस आणि डोळा मोर्चात मावत नाही.

आधी डोळ्यांचं. आर्कमधून अतिनील किरण निघतात आणि त्यांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बहुधा मध्यरात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी थांबत नाही. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध हे सगळे उपाय वस्तीत चालतात. थंड पट्टीने बरं वाटतं, पण डोळ्यांत दूध घालणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून घालत राहणं. दुखणं कळत नाही आणि बुबुळ खराब होत जातं. एक-दोन दिवसांत आराम पडला नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जायचं.

‘सवय होते’ असं जुने कारागीर सांगतात. किरणांची सवय होत नसते, होते ती दुखणं सोसायची. आणि या सोसण्याला आपण मर्दानगी म्हणतो! ग्रीलच्या साध्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच असलेलं हँडशिल्ड किंवा हेल्मेट लागतं. साधं हँडशिल्ड काही शे रुपयांत येतं. गॉगलने उजेड कमी दिसतो, पण आर्कपुढे तो टिकत नाही आणि चेहरा, गळा उघडाच राहतो.

धुराचं तर कुणी बोलतच नाही. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप जोडला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. सकाळी उतरतो. पोरगा मलेरिया समजून गोळी घेतो, रोज बुडतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचं घातक रूप असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. गूळ खाल्ल्याने तो फुप्फुसातून निघत नाही. मोकळ्या हवेत काम, धूर तोंडापासून दूर जाईल अशी बसायची जागा, मुलामा आधी घासून काढणं आणि धुरासाठीचा मास्क, हे लागतं. रुमाल बांधून धूर अडत नाही.

शॉकचंही तसंच. होल्डरला रॉड लावला आणि आर्क पेटलेला नसला, तरी तिथे ५० ते १०० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवतही नाहीत, घामाने किंवा पावसाने भिजलेल्या माणसाला ते मारू शकतात. वायर सॉकेटमध्ये काड्या खोचून लावायची, केबलला फाटक्या जागी चिकटपट्टी, अर्थिंग नाहीच, हे आपण सगळीकडे बघतो. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट, पायाखाली कोरडी फळी, आणि पाऊस असेल तर काम बंद. डिझेलचा रिकामा ड्रम कापायला सांगितला तर सरळ नाही म्हणायचं. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

असं काही झालं की आपल्याकडे ‘नशीब’ म्हणतात. बौद्ध म्हणवणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द आम्हाला खटकतो. दुःखाला कारण असतं असं आपण मानतो ना? इथे कारण वायर आहे, मालकाने न दिलेली काच आहे, आणि कायदाही आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३५ मध्ये अतितीव्र प्रकाशापासून डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. पण वीज वापरणाऱ्या जागी निदान १० कामगार असले तरच तो कारखाना. २०२० च्या संहितेने हा आकडा २० केला. चार पोरांची फॅब्रिकेशनची शेड आधीही बाहेर होती, आता आणखी शेडा बाहेर गेल्या. १९४२ ते १९४६ बाबासाहेबांनी सांभाळलेल्या मजूर खात्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या संघटनांनी या आकड्यावर किती निवेदनं दिली?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. यंदा जयंती मंडळांनी खर्चाच्या यादीत दोन हँडशिल्ड, हातमोजे आणि आडोशाचा पत्रा लिहावा. मुलांना दूर ठेवायला दोन कार्यकर्ते उभे करावेत. विहारात रविवारच्या वंदनेनंतर एखाद्या अनुभवी वेल्डरला बोलवावं, भाषणाला नाही, काच आणि होल्डर हातात घेऊन दाखवायला. आणि साइटवर ग्रील, दरवाजे बसवणाऱ्या ज्या मुलांचे वर्षात ९० दिवस भरतात, त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्यावी. ठेकेदार दाखल्यावर सही द्यायला टाळतो. तिथे पोराला एकट्याला पाठवू नका, चार जण सोबत जा.