वाढ नाही, पण जंतू आहेत

अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून येणाऱ्या तापाच्या रुग्णाच्या हातात बहुधा एक पन्नी असते. तिच्यात सेफिक्झिमची अर्धी पट्टी, अझिथ्रोमायसिनच्या दोन रिकाम्या पट्ट्या आणि विडाल पॉझिटिव्ह असल्याचा कागद. बाई सांगते, "गोळी घेतली का ताप उतरते, सोडली का परत येते." लहानपणी सांधे सुजायचे, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर तिला आठवते. इकोत मायट्रल झडपेवर पुंजका हलताना दिसतो. पाच दिवसांनी ब्लड कल्चरचा रिपोर्ट येतो : वाढ नाही.

या दोन शब्दांवर एंडोकार्डायटिसचे निदान खोडू नका, ही कळकळीची विनंती. झडपेवरचे जंतू जागेवरच असतात. पन्नीतल्या गोळ्यांनी ते रक्तापुरते दबलेले असतात. कल्चर निगेटिव्ह येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि ते आपल्याच हातून घडते. झडपेचा विकार आणि न हटणारा ताप एकत्र दिसला, की प्रतिजैविकाआधी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्या, प्रौढात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. दोन मिलीच्या बाटलीकडून उत्तराची अपेक्षा करणे रुग्णावर अन्याय आहे. रुग्ण खालावत असेल तर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करा. स्थिर असेल तर काही दिवस औषध थांबवून पुन्हा कल्चर पाठवता येते. पहिल्या इकोत काही दिसले नाही आणि संशय फिटत नसेल, तर आठवड्याभरात पुन्हा इको करा, शक्यतो अन्ननलिकेतून.

काही जंतू मात्र नेहमीच्या बाटलीत वाढतच नाहीत किंवा फार सावकाश वाढतात. आपल्या वऱ्हाडात घरोघरी गोठा. गाय गाभडली होती का, शेळी व्याली तेव्हा वार कोणी काढली, दूध कच्चे पितात का, हे विचारल्याशिवाय ब्रुसेला आणि क्यू फीवर सुचणार नाहीत. ब्रुसेलाची शंका प्रयोगशाळेला आधी कळवा. तिथल्या तंत्रज्ञालाही त्याची लागण होते. बार्टोनेलाही असाच सावकाश वाढणारा. एंडोकार्डायटिसच्या ड्यूक निकषांच्या २०२३ च्या सुधारणेत त्याचा आयजीजी १:८०० किंवा अधिक असणे हा प्रमुख निकष झाला आहे. म्हणजे इकोत पुंजका दिसलेला असेल, तर सीरमची एक नळी निदान पक्के करू शकते.

शस्त्रक्रियेत काढलेली झडप अख्खी फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राकडे, कल्चर आणि १६एस पीसीआरसाठी जाऊ द्या; मेलेल्या जंतूचाही डीएनए तिथे सापडतो.

आणि पन्नीतली शेवटची गोळी कोणती आणि कोणत्या तारखेला घेतली, हे कल्चरच्या फॉर्मवर लिहा.