स्वस्त घड्याळ किती स्वस्त?

ईदी हातात आली की मुलांच्या यादीत घड्याळ हमखास असते. बाजारात 300 ते 1000 रुपयांत एकाहून एक देखणी घड्याळे मिळतात. मोठी सोनेरी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणे. अब्बा म्हणतात, "हा चार दिवसांचा माल आहे." मुलगा म्हणतो, "पण दोन हजारांचे घड्याळ चारशेत मिळतेय!" दोघांचेही म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी अब्बांची शंका पाहू. स्वस्त घड्याळ वेळ बरोबर दाखवते का? बहुतेक वेळा दाखवते. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झ स्फटिकाचा बारीक तुकडा असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आतली चिप हा आकडा 15 वेळा निम्मा करते आणि सेकंदाला एक ठोका उरतो. मुलांना वहीवर भागाकार करून पाहायला सांगा, बरोबर 1 येतो. असे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी विक्रीला आणले. त्याची किंमत 4,50,000 येन होती, म्हणजे तेव्हा जवळपास एका छोट्या मोटारीएवढी. आज तेच तत्त्व फुटपाथवरच्या घड्याळातही असते. साध्या जपानी मशीनमध्ये महिन्याला 20 सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. रोज चावी द्यावी लागणारे आजोबांचे घड्याळ यापेक्षा जास्त मागेपुढे होत असे.

मग पैसे वाचवले जातात कुठे? मशीनभोवतीच्या वस्तूंमध्ये. म्हणून घड्याळ पारखताना नजर तिथे हवी.

पहिली वस्तू केस. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचे आहे. बाकीची केस बहुधा मिश्रधातूची असते आणि वर मुलामा असतो. घामाने मुलामा उडतो, आतला धातू उघडा पडतो. त्यात निकेल असेल तर काहींच्या मनगटावर खाज आणि पुरळ येते. नाजूक त्वचेच्या मुलांसाठी पूर्ण स्टीलची केस किंवा साधे प्लास्टिकचे घड्याळ बरे.

दुसरी वस्तू काच. प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे लवकर पडतात, मात्र ती सहसा फुटत नाही. खनिज काच ओरखडे जास्त सोसते, पण आपटली तर तडकते. शाळकरी मुलाच्या दंगामस्तीत कोणती टिकेल, हे आईला दुकानदारापेक्षा चांगले कळते.

तिसरी गोष्ट पाण्याची. '30 मीटर' म्हणजे घड्याळ घालून 30 मीटर खोल जाता येते, असे नाही. हा कारखान्यातील दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे चालतील, पोहणे नाही. आपल्या घरात दिवसातून पाच वेळा वुजू होतो. घट्ट पट्ट्याखाली पाणी पोहोचायला हवे, आणि स्वस्त घड्याळात ते आत शिरायलाही नको. वुजूपूर्वी घड्याळ काढून ठेवण्याची सवय लावली की दोन्ही गोष्टी साधतात. ओल्या हाताने चावी ओढू नये.

चौथी वस्तू पट्टा. स्वस्त घड्याळात बहुतेकदा पहिला जीव सोडतो तो पट्टाच. कातड्यासारखा दिसणारा पट्टा बहुधा रेक्झिनचा असतो आणि वाकतो तिथे सोलतो. पट्टा पिनेने जोडलेला आणि 18 किंवा 20 मिलिमीटर अशा नेहमीच्या रुंदीचा असेल, तर कोणताही घड्याळजी नवा बसवून देईल. केसमध्येच ओतलेला किंवा वेगळ्या आकाराचा पट्टा तुटला की चालू मशीनसकट घड्याळ कचऱ्यात जाते.

आता मुलाच्या 'दोन हजारांच्या' घड्याळाकडे वळू. दुकानातच बाजूची बटणे दाबून पाहा. छोट्या तबकड्यांचे काटे हलत नसतील, तर ती नुसती छापील शोभा आहे. डायलवर 'जपान मूव्हमेंट' लिहिले असेल, तर फार तर मशीन जपानी कंपनीचे. घड्याळ जपानी नव्हे. आणि नामांकित कंपनीचे नाव चारशे रुपयांत मिळत असेल, तर ते नाव चोरलेले आहे असे समजावे. असा माल मुलाच्या हाती देऊन त्याला प्रामाणिकपणा शिकवणे अवघड जाते.

किंमतही हिशेबाने ठरवावी. 400 रुपयांचे घड्याळ 8 महिने टिकले तर महिन्याला 50 रुपये पडले. 900 रुपयांचे 5 वर्षे चालले तर महिन्याला फक्त 15. त्यात एखादा सेल आणि एक पट्टा धरला, तरी दुसरेच स्वस्त. खोडलेली 2000 ची छापील किंमत या हिशेबात कुठेच येत नाही.

घरी आणल्यावर घड्याळ मोबाईलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवा आणि आठवडाभराने पाहा. पाच-सहा सेकंदांचा फरक चालेल. अर्ध्या मिनिटाहून जास्त असेल तर बिल घेऊन दुकान गाठा. म्हणून बिल मागायला लाजू नका. पुढे कधी घड्याळ बंद पडले, तर संपलेला सेल लगेच काढून घ्या. तो गळला तर मशीन खराब होते.

परीक्षेच्या वर्गात मोबाईल नेता येत नाही. तिथे मुलीच्या मनगटावर ठळक आकड्यांचे साधे घड्याळ असेल, तर उरलेल्या वेळाचा अंदाज तिला राहतो. नीटसारख्या काही परीक्षांत मात्र घड्याळही चालत नाही, तेव्हा नियम आधी वाचावेत.

यंदा ईदीतून घड्याळ घ्यायचे असेल, तर मुलांनाच सोबत न्या. केस, काच, पाणी, पट्टा या चार गोष्टी त्यांनाच दुकानदाराला विचारू द्या. पैसे त्यांचे आहेत, पारखही त्यांनाच शिकू द्या.