आधी प्लग, मग पाणी

होळी झाली की आमच्या विदर्भात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "हे आले की बघतील!" हे येतात रात्री आठला, मिस्त्री येतो आठवड्याने. तोवर दिवसभर घरात भाजून निघते ती बाईच.

मीही वर्षानुवर्षं वाटच बघितली. मग एका मे महिन्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून चालू कूलरमध्ये पाणी भरत होते. पत्र्याला हात लागला अन् खांद्यापर्यंत झटका बसला. थोडक्यात वाचले. पंपाची वायर कुरतडलेली होती आणि अर्थिंग जोडलेलंच नव्हतं. अशा बातम्या दर उन्हाळ्यात पेपरात येतात, आपण हळहळतो आणि पान उलटतो.

तेव्हापासून माझ्या घरी नियम एकच. आधी प्लग काढायचा, मगच पाणी. पायात कोरडी रबरी चप्पल. पंपाची जाळी गाळाने तुंबते, ती काढून धुवायची. क्षार बसून ताट्या दगडासारख्या झाल्या, की नव्या लावायच्या. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा.

अर्थिंग आणि करंट गळला की वीज तोडणारा ईएलसीबी ही कामं मात्र जाणत्या वायरमनचीच. पण "थ्री-पिन आहे का? अर्थिंग तपासलं का?" हे विचारणं आपलं काम. त्यात लाज कसली?

मागच्या मार्चमध्ये बचत गटाच्या बैठकीत मी कूलर उघडून दाखवला. सुरुवातीला सगळ्या लांबच उभ्या. मग एक मावशी पुढे आल्या, जाळी हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं, रोज मिक्सरचं भांडं खोलून धुतो, हे त्याहून काय अवघड?"

खरंच आहे. आपल्याला यंत्राचं भय नव्हतं, ते कुणी उघडून दाखवलंच नव्हतं. मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात कूलर उतरवाल तेव्हा लेकीलाही शेजारी बसवा. आणि हो, लेकालाही!