शेवटच्यालाही तेवढेच

बायबलमधल्या बऱ्याचशा गोष्टी आम्हा ख्रिस्ती घरांतल्या पोरांच्या कानांवर लहानपणापासून इतक्या वेळा पडलेल्या असतात की त्या टोचायच्या बंद होतात. उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी, हरवलेलं मेंढरू.. सगळ्या संडेस्कूलच्या भिंतीवरच्या चित्रांसारख्या गुळगुळीत. एक गोष्ट मात्र दर वर्षी अप्रेजलच्या मोसमात नव्याने टोचते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली, द्राक्षमळ्यातल्या मजुरांची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक मळेवाला पहाटे उठून मजूर आणायला जातो. एक दीनार रोज ठरवतो, माणसं कामाला लावतो. सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा जातो, बाजारात काही माणसं नुसतीच उभी दिसतात, त्यांनाही पाठवतो, "वाजवी असेल ते देईन" एवढ्याच बोलीवर. मग बारा वाजता, मग तीन वाजता. आणि शेवटी दिवस बुडायला तासभर राहिला असताना, संध्याकाळी पाचला. तेव्हाही काही जण उभेच असतात. दिवसभर इथे रिकामे का उभे आहात, असं विचारल्यावर ते सांगतात, कोणी कामाला लावलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो.

अंधार पडताना मळेवाला मुकादमाला पैसे वाटायला सांगतो, आणि सांगतो की शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. पाचला आलेल्याच्या हातावर पूर्ण दीनार. पहाटे आलेल्यांची साहजिकच आशा वाढते, आणि त्यांच्याही हातावर एकच दीनार पडतो. मग कुरकुर सुरू होते.

आपण इंजिनिअर माणसं, त्यामुळे आधी हिशेब. बारा तास राबलेल्याचा तासाचा दर दीनारचा बारावा भाग, आणि एक तास काम केलेल्याचा दर त्याच्या बारापट. कुठल्याही कंपनीत असा डेटा फुटला तर दुपारपर्यंत अर्धा मजला रेझ्युमे अपडेट करायला बसेल. २०२१-२२च्या हायरिंगच्या लाटेत आयटीमध्ये साधारण हेच झालं होतं. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी इमानाने टिकलेला माणूस आठ-दहा टक्क्यांवर, आणि शेजारच्या खुर्चीवर नवीन आलेला त्याच कामासाठी कितीतरी वरच्या आकड्यावर. तेव्हाच्या कँटीनमधल्या चर्चा ज्यांनी ऐकल्यात त्यांना पहाटेच्या मजुरांचा आवाज ओळखीचा वाटेल.

चर्चमध्ये ही गोष्ट ऐकताना साधारण एकच अर्थ सांगितला जातो. देवाचं राज्य असं आहे, आयुष्यभर भक्ती केलेल्यालाही तारण आणि मरणाच्या दारात पश्चात्ताप केलेल्यालाही तेवढंच तारण. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेननेही दिवसातल्या या वेळा म्हणजे माणूस आयुष्याच्या ज्या ज्या वयात देवाकडे वळतो ती वयं, असं लावलं होतं. अर्थ चुकीचा नाही. पण माझं मत असं की या अर्थाने गोष्ट फार स्वस्तात सुटते. आपल्या आधी कोणी स्वर्गात गेलं म्हणून रविवारी सकाळी कोणाच्या पोटात दुखत नाही. सोमवारी कोणाला किती हाइक मिळाली यावरून दुखतं. येशूने उदाहरण घेतलंय ते मजुरीचं, तर थोडा वेळ ते मजुरीपाशीच राहू द्यावं.

आणि मजुरीचे तपशील बघण्यासारखे आहेत. दीनार ही काही दयेची रक्कम नव्हती. इसवी सन १४ मध्ये, ऑगस्टस मेल्यानंतर, पॅनोनियातल्या रोमन सैनिकांनी बंड केलं तेव्हा त्यांची एक तक्रार होती की जिवावर उदार होऊन दिवसाला दहाच अस मिळतात, पूर्ण दीनार पाहिजे. (टॅसिटसने लिहून ठेवलंय. एका दीनारचे सोळा अस होत.) म्हणजे मळेवाल्याने कबूल केलेला रोज चांगलाच होता. शिवाय पैसे त्याच संध्याकाळी दिले. तेही मोशेच्या नियमशास्त्राला धरूनच आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं अनुवादात स्पष्ट सांगितलंय, आणि कारणही दिलंय, की तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. पंचेचाळीस दिवसांनी बिल पास करणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा :)

आता पाचला उभे असलेले लोक. यांच्याबद्दल आपल्याला उगाच वाटतं की आळशी असतील, उशिरा उठले असतील. गोष्टीत तसं कुठेच नाही. पुण्यात मजूर अड्डा म्हणतात, मुंबई-ठाण्यात नाका. सकाळी साडेसात-आठला तिथून गेलात तर दिसेल, गवंडी थापी घेऊन उभा, रंगारी ब्रश घेऊन, बिगारी नुसतेच. टेम्पो थांबला की घोळका धावतो. ठेकेदार नजरेनेच निवडतो, दंड बघतो, वय बघतो. दहा-साडेदहापर्यंत उभा राहिलेला माणूस हा बहुधा कोणीतरी म्हातारा, कोणी अशक्त, किंवा मूल कडेवर असलेली बाई. त्यांना त्या दिवशी कोणी नेलं नाही, एवढाच त्यांचा दोष. मग संध्याकाळी पाचपर्यंत उभा राहणारा कोण असेल? घरी रिकाम्या हाताने जायची हिंमत होत नाही म्हणून उभा असलेला. आपल्या भाषेत बोलायचं तर हा बेंचवरचा माणूस. २००८-०९च्या मंदीत बेंचवर बसलेल्यांना विचारा, किंवा २०२२-२३मध्ये ऑफर लेटर हातात घेऊन महिनोन्महिने जॉइनिंगच्या मेलची वाट बघणाऱ्या फ्रेशर्सना. काहीच काम न करता बसणं हे राबण्यापेक्षा हलकं असतं, असं त्यांतला एकही म्हणणार नाही.

नाशिककडच्या लोकांना या गोष्टीची आणखी एक बाजू लगेच कळेल. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला मजूर येतात, आणि अवकाळीचे ढग दिसले की बागाईतदाराला दुपारीसुद्धा माणसं कमीच वाटतात. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, हा मळेवालाही माल घाईने उतरवायला पाच चकरा मारत असेल. असेलही. पण तशी घाई असती तर तासाभरासाठी आणलेल्याला तासाचे पैसे देऊनही भागलं असतं. त्याने रोज दिला, कारण त्या घरची चूल तासाच्या हिशेबाने पेटत नाही.

मला स्वतःला सगळ्यात विचित्र वाटतो तो वाटपाचा क्रम. मळेवाल्याने पहाटेवाल्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते. कोणाला काही कळलंच नसतं. कुठल्याही शहाण्या मालकाने हेच केलं असतं. म्हणून तर आपल्याकडे पगाराचं पत्र गोपनीय असतं. या मालकाने मात्र मुद्दाम उलटं केलं, शेवटच्याला सगळ्यांसमोर दिलं, पहिल्यांना बघायला लावलं. म्हणजे दान करायचंच होतं तर गुपचूप करता आलं असतं, पण त्याला पहिल्यांच्या मनातलंही बाहेर काढायचं होतं, असं मला वाटतं.

आणि बाहेर काय आलं? पहिले मजूर "आम्हाला कमी दिलं" असं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत. २००३ साली ब्रोस्नन आणि डी वाल यांनी कॅपुचिन माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच कामासाठी शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळते हे दिसल्यावर माकडिणीने काकडी नाकारली. (तिथेही द्राक्षच!) पण माकडिणीची तक्रार तरी सरळ होती, तिला खरंच कमी मिळत होतं. आपल्या मजुराला काकडीही नाही आणि द्राक्षही नाही, ठरलेला दीनार पूर्ण मिळालाय. त्याला खुपतंय ते दुसऱ्याच्या हातातलं. मळेवाला विचारतो तेव्हा मूळ ग्रीकमध्ये शब्द आहेत डोळा वाईट असण्याचे. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तो त्याला "मित्रा" म्हणतो. मत्तयात या शब्दाने हाक फक्त तीनदा येते. इथे, मग लग्नाला साजेसा पोशाख न करता आलेल्या पाहुण्याला, आणि तिसऱ्यांदा गेथशेमाने बागेत यहूदाला. तिन्ही वेळा समोरचा माणूस चुकलेला आहे, आणि तिन्ही वेळा हाक तीच.

ही गोष्ट कुठे येते तेही बघा. आधीच्या अध्यायाच्या शेवटी पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? शुद्ध अप्रेजलचा प्रश्न. येशू त्याला झिडकारत नाही, मिळेल म्हणतो, भरपूर मिळेल, आणि लगेच ही गोष्ट सांगतो. ती संपून थोडा वेळ होतो न होतो तोच याकोब आणि योहान यांची आई येऊन मुलांसाठी उजवी-डावीकडच्या जागा मागते, आणि बाकीचे दहा त्या दोघांवर चिडतात. गोष्ट ऐकून कोणावर काही परिणाम झाला असं दिसत नाही.

आता एक आक्षेप, आणि तो मला खराच वाटतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कोण येईल? सगळेच पाचला येतील. खरंय, या गोष्टीतून पगाराची पद्धत निघत नाही. पण एका माणसाने ती काढायचा प्रयत्न केला होता. रस्किनच्या १८६० सालच्या अर्थशास्त्रावरच्या लेखांच्या पुस्तकाचं नाव, 'अन्टू धिस लास्ट', या गोष्टीतूनच आलंय. शेवटच्यालाही. १९०४ साली पोलाकने ते गांधीजींच्या हातात दिलं, आणि जोहान्सबर्ग ते दरबान या रेल्वेप्रवासात त्यांनी ते वाचून काढलं. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली. छापखान्यातल्या प्रत्येकाला, रंग आणि देश न बघता, महिना तीन पौंड. सगळे तयार झाले नाहीत. जे तयार नव्हते ते आधीच्याच पगारावर राहिले. १९०८मध्ये गांधीजींनी पुस्तकाचा सारांश गुजरातीत केला आणि त्याला नाव दिलं 'सर्वोदय'. विनोबांमुळे घरोघरी पोचलेला शब्द. त्याच कुळातला 'अंत्योदय'. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या अंत्योदय योजनेच्या रेशनकार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य घेणाऱ्या बाईला आपल्या कार्डावरच्या शब्दामागे द्राक्षमळ्याची गोष्ट उभी आहे हे माहीत असायचं कारण नाही. पण उभी आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "माझ्या पैशाचं मी वाटेल ते करीन" हे मळेवाल्याचं वाक्य कुठल्याही मनमानी मालकाला आवडेल. मॅनेजरच्या मर्जीतल्याला बोनस, बाकीच्यांना वाट्याण्याच्या अक्षता, आणि वर बायबलचा आधार! पण हे वाक्य त्याला शोभतं कारण त्याने कोणाचाही ठरलेला पैसा कापलेला नाही. ठरल्यापेक्षा वर देण्यात तो मोकळा आहे, खाली नाही. ज्याने आधी सगळ्यांचा दीनार चुकता केला नाही त्याला हे वाक्य उच्चारायचा हक्क नाही.

असो. आयटीतल्या ख्रिस्ती (आणि बिगरख्रिस्ती) मंडळींशी या गोष्टीवर बोलताना एक गंमत दिसते. प्रत्येक जण स्वतःला पहाटेचा मजूर समजतो. मी इतकी वर्षं राबलो, मी रात्री प्रॉडक्शन सांभाळलं.. ऑफिसात ते खरंही असेल. पण घरी? दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आपण मळेवाले असतो. भांड्याला येणाऱ्या मावशी, पोळ्यांच्या काकू, गाडी पुसणारा पोरगा. त्यांच्या पगाराचं पत्रक आपल्या डोक्यात असतं, आणि त्यात खाड्यांचा हिशेब असतो. स्वतःची सिक लीव्ह पगारी, मावशींचा ताप मात्र बिनपगारी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गेटबाहेरच अडवलेल्या मावशींना काही घरांनी चार-चार महिने पूर्ण पगार दिला आणि काहींनी "काम नाही तर पैसे कसले" म्हणून हात वर केले. दुसऱ्या पक्षाचं गणित बिनचूक होतं. पाचला आलेल्याला बारावा भाग देणारं गणितही बिनचूकच असतं.

आणि जी घरं पूर्ण पगार देतात किंवा दिवाळीत ठरल्यापेक्षा जास्त देतात, त्यांना सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय ऐकावं लागतं हे बहुतेकांनी वाचलं असेल. तुम्ही जास्त देता मग आमच्याही मावशी मागतात, इतक्या वर्षांच्या आमच्या मावशींना एवढंच आणि तुमच्या नवीनला तेवढं, उगाच रेट खराब करू नका. काही ठिकाणी तर बाकायदा रेटकार्ड करून ग्रुपवर टाकतात, भांडी इतके, फरशी इतके, आणि खाली हात जोडलेली इमोजी, की कृपया सर्वांनी हाच दर पाळावा.