पाठ झालेलं उत्तर आणि बाळंतिणीची खाट



मिरज, सांगली, कराड, सातारा या पट्ट्यात आपल्या कितीतरी मुली नर्सिंग शिकत आहेत. त्यांना स्तनपानाबद्दल विचारा, उत्तरं तोंडपाठ असतात. जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजायला घ्यावं, चीक टाकू नये, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सगळं बरोबर. तरीही माझं मत असं, की एवढ्यावर त्यांना पास करू नये.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते फक्त ४१.८ टक्के बाळांना. आई दवाखान्यातच आहे, सिस्टरही आहेत, मग हा तास जातो कुठे?

पहिलटकरीण सिझेरियनच्या टाक्यांनी कण्हत असते. बाळ कसं धरायचं, नुसतं स्तनाग्र न देता भोवतालचा काळसर भागही तोंडात कसा द्यायचा, हे भिंतीवरचा तक्ता वाचून जमत नाही. कुणीतरी पाठीशी उशी लावून, तिला कुशीवर वळवून दाखवावं लागतं. रात्री दोन वाजता पुन्हा दाखवावं लागतं.

इथेच विद्यार्थिनी अडखळते. वीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी. तिने तोंड उघडलं की खाटेजवळची आजी म्हणते, "तुझं लग्न तरी झालंय का गं? आम्ही चार पोरं वाढवली!" मुलगी गप्प होते, आणि "दूधच येत नाही" म्हणत पावडरचा डबा येतो. खरं तर पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, आणि दिवस भरलेल्या निरोगी बाळाच्या इवल्या पोटाला सहसा तो पुरतो. डब्यांच्या नि बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पण आजीच्या मनातली भीती कायद्याने जात नाही. ती शेजारी बसून, गोडीने बोलूनच जाते.

आपणही थोडं स्वतःकडे पाहू या. मध आपल्याला वर्ज्य, म्हणून तो बाळाला चाटवत नाही. पण गूळपाणी नि घुटी चालतेच ना?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये सुधारलेल्या दहा पायऱ्यांत कर्मचाऱ्यांच्या ज्ञानाबरोबर त्यांचं कौशल्यही मागितलं आहे. मग परीक्षाही तशीच हवी. प्रत्येक विद्यार्थिनीने आणि विद्यार्थ्यानेही काही बाळंतिणींना पहिल्या पाजण्यापासून घरी जाईपर्यंत सोबत करावी. इंजेक्शन नीट देता येतं का हे शिक्षिका जसं उभं राहून बघतात, तसंच हेही बघावं.

आपल्या अंतरंग तपांत विनय आणि वैयावृत्त्य पाठोपाठ येतात. साधूंच्या सेवेसाठी सांगितलेलं वैयावृत्त्य आपण श्रावकांनी वॉर्डातही न्यावं. त्याआधीचा विनय आजीशी बोलताना कामाला येईल.

घरी नर्सिंगची मुलगी असेल तर तिला गुण विचाराच, पण या महिन्यात किती आयांना पाजायला मदत केलीस, हेही विचारा. आणि घरात बाळंतपण असेल तेव्हा त्या लहानशा सिस्टरला खाटेजवळ बसू द्या.