तेंदूच्या रानातली सोबत

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव किंवा झरी-जामणीच्या बाजूला आपले जाणे झाले, तर उजाडता उजाडता रानाकडे निघालेले जथे आपल्याला दिसतील. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर जुन्या लुगड्याची झोळी, हातात पाण्याची कॅन. कोलाम, गोंड, परधान आणि इतरही समाजांतील बायामाणसे त्यांत असतात. त्यांच्या मागेपुढे चार-सहांचा एक वेगळा घोळका हसतखिदळत चाललेला असतो. परीक्षा आटोपून यवतमाळ, नागपूर वा पुण्याच्या वसतिगृहातून गावी परतलेली ही मुलेमुली आहेत. शहरातील त्यांच्या वयाची मुले सुट्टीत दुकानात किंवा कार्यालयात उमेदवारी करतात, ही मुले तेंदूपत्ता तोडतात. पुढच्या वर्षाचे शुल्क, मोबाइलचा हप्ता, आणि पेरणी तोंडावर आली असताना घरात लागणारा बियाण्याचा पैसा या कामातून उभा राहतो. म्हणून कोणताही पालक आपल्या मुलाला या कामापासून सहजासहजी अडवीत नाही, आणि त्याने अडवावे असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

कामाचे स्वरूप आधी लक्षात घेऊ. आपल्याकडे सत्तर पानांचे एक पुडके धरतात आणि मोबदला शेकड्यावर ठरतो. एखाद्याने दिवसाला शंभर पुडकी बांधली, तर त्याने सात हजार पाने खुडली आणि तीच सात हजार पाने पुन्हा एकावर एक रचली, असा त्याचा अर्थ होतो. पान कोवळे चालत नाही, जून होऊन करकरीत झालेलेही चालत नाही. छिद्राचे, डागाचे पान बाद. चांगले पान छाटणी केलेल्या झुडपावर येते आणि ही झुडपे गुडघ्याच्या उंचीची असल्यामुळे सगळे काम कमरेत वाकून होते. (हेच पान पुढे विडीचे वेष्टन होते आणि विडी छातीचे काय करते ते आपण जाणतोच. आरोग्याच्या नियतकालिकाने तेंदूपत्त्याविषयी लिहिताना एवढे नमूद करायलाच हवे. परंतु पान खुडणाऱ्या हातांना विडी ओढणाऱ्याच्या खोकल्याचा जाब विचारणे न्यायाचे होणार नाही.)

आता या कामातील खरी अडचण. शरीराला उन्हात कष्ट करण्याची सवय एका दिवसात होत नाही. रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम करीत गेल्यास साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर आणि अधिक सुटू लागतो, त्यातून वाया जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. तेंदूचा हंगाम मात्र असतो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वादळी पाऊस किंवा गारपीट आली की पान खराब होते, त्यामुळे जो तो पहिल्याच दिवसापासून जिवाचा आटापिटा करतो. म्हणजे शरीर सरावते न सरावते तोच हंगाम संपलेला असतो. वर्षभर शेतात राबलेल्या आईचे शरीर या उन्हाला निदान ओळखत तरी असते. पंखा आणि कूलरखाली अभ्यास केलेल्या तिच्या मुलाला ते नवे असते. उन्हात काम करताना जे दगावतात, त्यांतील बरेचसे कामाच्या पहिल्या काही दिवसांतच दगावतात, हे जगभर आढळून आले आहे. तेव्हा घरातला तरणाताठा मुलगा सर्वांत सुरक्षित, हा आपला समज पहिल्या आठवड्यापुरता तरी बाजूला ठेवावा लागेल. पहिल्या दिवशी त्याने निम्मेच काम करावे आणि ते रोज थोडे वाढवावे.

निघण्याच्या वेळेचाही पेच आहे. ऊन म्हणते, अंधारातच निघा आणि दहाच्या आत परत या. वाघ म्हणतो, अंधारात येऊ नका. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पांढरकवडा-राळेगाव परिसरात तेरा माणसांचे मृत्यू जिच्याशी जोडले गेले, ती टी-1 वाघीण, म्हणजेच अवनी, 2 नोव्हेंबर 2018 रोजी मारली गेली. तिच्या दहशतीची आठवण त्या गावांतून अजून गेलेली नाही. झुडपापाशी खाली वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या सावजासारखा दिसू शकतो आणि तेंदू तोडणारा तर दिवसभर वाकलेलाच असतो. म्हणून पुरते फटफटल्यावर, घोळक्याने आणि मोठ्याने बोलत जावे, एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहावे, चांगल्या झुडपाच्या मोहाने एकट्याने आत शिरू नये. उशिरा निघाल्याने गेलेला तासभर दुपारी भरून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. अकराच्या आत परतायचेच, असे जथ्याने आदल्या रात्रीच ठरवून टाकावे, कारण रानात गेल्यावर प्रत्येकाला ‘एवढे एकच झुडूप’ दिसत असते.

न्याहारी करून निघावे हे वेगळे सांगायला नको. शिळी भाकर, ठेचा, कांदा, जमल्यास आंबील किंवा मीठ घातलेले ताक हे या कामाला पुरेसे आणि योग्य अन्न आहे. कांदा खावा, खिशात ठेवून ऊन बाधत नाही असे मात्र नाही. उन्हात वाकून काम करणाऱ्याला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते. चार-पाच तासांचे चार लिटर झाले. दोन लिटरची बाटली घेऊन निघालेला मुलगा निम्म्या पाण्यावर काम करणार, हे घरून निघतानाच ठरलेले असते. तहान लागण्याची वाट न पाहता पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. सोबत ओआरएसची पाकिटे असावीत. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घरीच द्रावण करावे.

पाण्याविषयी आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. केळापूर, झरी-जामणी भागातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. उन्हाळ्यात पाणी दुप्पट पोटात जाते, तसे फ्लोराइडही दुप्पट जाते. पाणी उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. गावात सुरक्षित ठरलेला स्रोत असेल तर रानात नेण्याच्या कॅन तिथूनच भराव्यात, घराजवळ आहे म्हणून कोणत्याही हातपंपावरून नव्हे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. रानात आडोसा मिळत नाही, शिवाय जनावराची भीती असते, म्हणून कित्येक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याने लघवीची जळजळ आणि संसर्ग होतो आणि ऊनही लवकर बाधते. दोघी-तिघींनी मिळून जाणे, एकीने पहारा देणे, पाळीच्या दिवसांत मैत्रिणीला कमी झुडपांचा, सावलीचा पट्टा सोडणे, हे मुली आपसांत ठरवू शकतात. आईने एकदा उघडपणे विषय काढला की त्यांना ते सोपे जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर धरते. मग किराणा दुकानातून किंवा औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते आणि ती खाऊन माणूस पुन्हा रानात जातो. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. कंबर शेकावी, पाठ टेकावी, पुडकी बांधताना भिंतीला टेकून बसावे, पण त्या गोळ्या या दिवसांत घेऊ नयेत. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही घाम कमी होतो. रात्रीची दारू आणि अपुरी झोप सकाळच्या उन्हात बाधते, हे मुलांना ठाऊक असते. कोणी ऐकत नाही, एवढेच.

मित्रांसोबत काम करण्यात गंमत असते, तशी चुरसही असते. कुणाची झोळी आधी भरते, कुणाची पुडकी जास्त होतात, यावर दिवसभर चेष्टा चालते. शेकड्यावर मिळणारा मोबदला त्या चुरशीला धार लावतो. अशा वेळी चक्कर आली तरी मुलगा ती लपवतो. पोटरीत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, लघवी गडद पिवळी होणे, या पहिल्या खुणा त्याच्या स्वतःच्या लक्षात येऊ शकतात. इथेच सावलीत बसून पाणी घेतले, कपडे सैल केले, तर बहुधा निभावते. याच्या पुढची पायरी मात्र त्याला स्वतःला कळत नाही, कारण उष्माघात सर्वांत आधी विचारशक्तीवर घाला घालतो. शरीराचे तापमान चाळीस अंशांपलीकडे गेले की माणूस असंबद्ध बोलू लागतो, उगाच चिडतो, झोकांड्या खातो, आणि विचारले तर ‘मला काही झालं नाही’ असे ठासून सांगतो. त्याच्या या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. घाम येतो आहे म्हणजे ऊन लागलेले नाही, हाही गैरसमज आहे. कष्ट करताना उष्माघात झालेल्याची कातडी ओली असू शकते. म्हणून त्याचा पाय अडखळतो आहे, नेहमीचा बडबड्या गप्प झाला आहे, हे पाहणारे कोणी तरी जवळ असावे लागते. जथ्यातील दोघा-दोघांची जोडी लावावी. अर्ध्या तासाने एकाने दुसऱ्याला ‘पानी पेला का बे?’ एवढे विचारावे आणि उत्तर कसे येते तिकडे कान ठेवावा.

उष्माघाताची शंका आली तर त्याला तसाच उचलून रस्त्याकडे पळू नये. आधी थंड करावे, मग हलवावे. सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, हाती असलेले सगळे पाणी अंगावर ओतावे, दुपट्ट्याने जोरजोराने वारा घालावा. त्याच वेळी एकाने फोनला रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. एका जथ्यात पाण्याची एक कॅन अशी ठेवावी की जी कोणी प्यायची नाही, ती केवळ अंगावर ओतण्यासाठी. ती रोज न वापरता परत येईल आणि रोज कोणी तरी तिच्या ओझ्याबद्दल कुरकुर करील. तरी ती न्यावी.

दुपार पुडकी बांधण्याची. घरावर टिनाचे पत्रे असतील तर आत बसू नये. कडुनिंबाखाली किंवा मांडवात बसावे आणि तासभर झोप काढावी. संध्याकाळी सगळे फळीवर जमतात. मुन्शी पुडकी मोजतो, कार्डावर आकडा चढतो, आणि दिवसभराच्या थट्टेचा निकाल तिथे लागतो. ज्याला सकाळी भोवळ आली, तोही तिथे येऊन उभा असतो. त्याच्या कार्डावर आज थोडेच लागलेले असते, म्हणून तो उद्या पहाटे पुन्हा निघणार, ही भीती खरी आहे. ऊन बाधलेल्या शरीराला किमान एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी आणि उष्माघात झाला असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्याने रानाचे नाव काढू नये. सहा जणांच्या जथ्यात उरलेल्या पाचांनी दहा-दहा पुडकी त्याच्या नावावर घातली, तर त्याची पन्नास पुडकी घरी बसून भरतात. हे हंगामाच्या पहिल्याच संध्याकाळी, कोणालाही भोवळ येण्यापूर्वी, आपसांत ठरवून ठेवलेले बरे.