नऊ एक आणि एक हातचा

गेल्या आठवड्यात इतवारीतील एका किराणा दुकानात, हिशेब चुकता झाल्यावर, दुकानदाराच्या मुलाला नऊ एकांच्या संख्येचा तिच्याशीच गुणाकार करावयास मी सांगितले, तेव्हा दिवसभराचा जमाखर्च बिनतक्रार सांभाळणाऱ्या त्याच्या कॅल्क्युलेटरने हात टेकले. मग बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकवीत आम्ही मांडल्या आणि बेरीज उतरली ती १२३४५६७८९८७६५४३२१, कोणत्याही टोकाकडून वाचली तरी तीच.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानसंज्ञांप्रमाणे या संख्येचा पहिला आकडा ‘मध्य’ स्थानी पडतो. परार्ध अवघे एक घर पुढे. अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले ते देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी, आणि तेही एखाद्या ऋषीवरून नव्हे, तर जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्टेशनावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून; तीच रेल्वे १८६७ साली नागपुरास येऊन पोचली असल्यामुळे, या संख्येवर आम्हा नागपूरकरांचाही थोडा हक्क पोचतो, असे मी मानतो. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागिले असता बाकी शून्य. म्हणून कापरेकरांच्याच परिभाषेत ही ‘हर्षद’ संख्याही ठरते. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग, आणि ते १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. इतक्या सुबक दर्शनी भिंतीमागे ३३३६६७ सारखी ओबडधोबड मूळ संख्या दडलेली असावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

थोर गणिती हार्डी यांनी १९४० साली अशा अंककौतुकांना गंभीर गणिताच्या पंगतीत बसविण्याचे साफ नाकारले, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हे. हीच संख्या दहाऐवजी अन्य पायावर लिहिली की हा आकड्यांचा डौल सहसा उरत नाही. परंतु ज्या मुलांच्या वाट्यास मोठी संख्या केवळ अक्षरी लिहिण्याच्या प्रश्नापुरती, किंवा मोठेपणी कर्जाच्या कागदावर येते, त्यांच्यापुढे हार्डींचा निकष ठेवणे म्हणजे बाराखडीच्या वर्गात महाकाव्याची समीक्षा आरंभणे होय. शाळांनी आठवड्यातील एक तास, परीक्षेचा ससेमिरा न लावता, या खेळास द्यावा. खर्च फक्त पेन्सिलीचा आणि पाठकोऱ्या कागदाचा.

दुकानातल्या त्या मुलाने मात्र आपणहून विचारले, “काका, दहा एक घेतले तर?” दहाव्या ओळीने मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा एक डावीकडे सरकला, तिथल्या नवाचेही दहा करून पुढे गेला, आणि उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कुठे हरवला म्हणून तो पुन्हा पहिल्या रकान्यापासून बेरीज तपासू लागला. गिऱ्हाईक खोळंबले होते.